टेरेल ब्रुसार्डचे पाच पौंड

टेरेल ब्रुसार्ड बसताच खुर्ची कुरकुरली. त्याने दचकून विचारलं, "ही नेहमीच वाजते का?"

"लीलंड बसला तरी वाजते," ओडेसा फॅरो म्हणाली. "बोला."

लीलंडला ते लागलं. पण गुप्तहेर ही त्याची ताई होती, तो नुसता मदतनीस. मदतनिसाने लावून घ्यायचं नसतं.

टेरेल टोलेडोच्या अमेरिकन फुटबॉल संघात चेंडू काखेत धरून धावणारा गडी. वय सत्तावीस, मांड्या ओकच्या खोडासारख्या, चेहरा मात्र परीक्षेला निघालेल्या पोरासारखा.

"कुणीतरी माझं वजन वाढवतंय," तो म्हणाला.

"मग खा कमी," लीलंड म्हणाला.

"दोन आठवडे उकडलेल्या कोबीवर आहे मी." टेरेल ओडेसाकडे वळला. "बाई, चेंडू फेकणाऱ्याला पाच वर्षांचा करार मिळतो. तो अंथरुणाला खिळला तरी पगार चालू. आम्ही धावणारे. रोज दहा जण अंगावर कोसळतात, म्हणून सत्ताविशीत आम्ही म्हातारे. करार एका वर्षाचा, पगार बेताचा, बाकी सगळं अटींवर. हजार यार्ड धावलास तर इतके. शुक्रवारी वजन दोनशे वीस पौंडांच्या आत भरलं तर चार लाख डॉलर. तीनदा चुकलं की ते बुडाले, वर संघाला मला हाकलायची मोकळीक."

"किती वेळा चुकलं?"

"गेले दोन शुक्रवार. दोन्हीदा पाच-पाच पौंडांनी. उद्या तिसरा."

"दुसऱ्या काट्यावर पाहिलंत?"

टेरेल शहारला. "हंगामात परक्या काट्यावर पाय ठेवला तर पाय जड होतात. आमच्यात कुणीच ठेवत नाही."

संघाचा काटा म्हणजे जुना, उभा, दांडीवर माप सरकवायचा. कराराचे व्यवहार पाहणारे प्रेस्कॉट व्हिटल त्याच्याशेजारी देवळातल्या पुजाऱ्यासारखे उभे होते.

"मागच्याच महिन्यात तपासून घेतलाय," ते म्हणाले. "ब्रुसार्डला सांगा, काटा खोटं बोलत नाही. पोट बोलतं."

"त्याचं वजन चुकलं तर तुमचे चार लाख वाचतात."

"माझे नव्हेत, संघाचे. आणि अटी सगळ्यांनाच आहेत, बाई. धावणाऱ्यांना वजन वाढलेलं चालत नाही. पुढच्या फळीतल्यांचं उलट. तीनशेच्या खाली उतरले तर ते अडवणार कुणाला, वाऱ्याला?"

तेवढ्यात लीलंड काट्यावर चढला आणि पांढराफटक पडला. "ताई, काल डॉक्टरकडे एकशे नव्वद होतो. आज एकशे पंच्याण्णव."

"काल रात्री काय खाल्लंस?"

"ॲपल पाय. पण अर्धाच."

"मग उरलेला अर्धा सूड घेतोय." ओडेसाने काट्यावरच्या निळ्या चटईला बुटाचं टोक लावलं. चटई हलली नाही. "ही कुणाची?"

"कुणीतरी टाकली, दोनेक आठवड्यांपूर्वी. थंडीत लोखंड पायाला चावतं. आमच्या मुलांचा एकमेकांवर जीव आहे."

बदली धावणारा मार्कीस पांघरूण गुंडाळून शेकत बसला होता. टेरेल गेला की जागा त्याची.

"मला जागा हवीच आहे," तो शिंकत म्हणाला. "पण अशी नको. मी आठवडाभर तापाने आडवा होतो, बाई. नुसतं पाणी. आणि उठून पाहतो तर वजन चार पौंडांनी वाढलेलं. आजारी पडायचीही सोय राहिली नाही."

गस झाब्रोस्की खानावळीत भेटला. फळीतला मधला गडी. त्याने वाट फोडायची आणि टेरेलने त्यातून धावायचं, असं पाच वर्षं चाललेलं. त्याच्या समोर डोनटचा खोका होता. तो त्याने लीलंडपुढे सरकवला.

"मला नको. बायको दातांच्या दवाखान्यात कामाला आहे. गोड दिसलं की माझ्या दाढांकडे बघते." त्याच्या लग्नाच्या अंगठीला आतून चिकटपट्टी गुंडाळलेली होती; तरी ती बोटावर गोल फिरत होती. "टेरेलला कोण बुडवेल? हजार यार्ड झाले की फळीतल्या पाचही जणांना तो घड्याळ देणार. आमची रीतच आहे ती. त्यालाच सांगा, जरा तोंड आवर म्हणावं."

दुपारी ओडेसाने टेरेल आणि गसला काट्यापाशी बोलावलं. व्हिटल जेवायला गेले होते.

"टेरेल जड व्हावा असं कुणाला वाटतं, हेच आपण विचारत राहिलो," ती म्हणाली. "व्हिटलना वाटेल, मार्कीसला वाटेल. पण मार्कीस उपाशी राहून जड झाला. लीलंड एका दिवसात पाच पौंड वाढला. त्याला तेवढं जमेल, पण अर्ध्या पायवर नाही. म्हणजे काटा सगळ्यांनाच जड दाखवतोय. मग मी प्रश्न उलटा केला. आपण स्वतः जड दिसावं, असं कुणाला वाटतं?"

गसने हात पाठीमागे नेले.

"ज्याची अंगठी बोटात राहत नाही त्याला. तपासणीनंतर काट्यात एकच गोष्ट बदलली, ही चटई." तिने ती दोन्ही हातांनी उचलली आणि सोडली. जमीन दणाणली. "एक्सरे काढताना दातांचे डॉक्टर छातीवर टाकतात ते शिशाचं कापड. बायकोच्या दवाखान्यातलं, ना गस?"

"जुनं होतं, टाकून देणार होते." गसचा आवाज बारीक झाला. "मला साखर निघाली. डॉक्टर म्हणतो, पाय वाचवायचा तर पोट घालव. पोट घालवलं तर नोकरी जाते. टेरेल, देवाशपथ, मला वाटलं तू चोरून खातोयस."

"दोन आठवडे कोबी खाल्ली मी," टेरेल म्हणाला. "घरचे माझ्या खोलीत येत नव्हते."

लीलंडला हसायचं होतं, त्याने डोनट तोंडात कोंबला.

"व्हिटलना सांगायचं की नाही, ते तू ठरव," ओडेसा टेरेलला म्हणाली. "चार लाख तुझे आहेत."

टेरेलने ते निळं कापड बुटाने बाजूला सारलं. "रविवारी शेवटचा सामना. हजाराला साठ यार्ड कमी आहेत. हा समोर नसेल तर मला साठ इंचही मिळायचे नाहीत." मग त्याने गसला विचारलं, "खरं किती भरतोस?"

"दोनशे शहाण्णव."

"पाणी पी की बाबा. सगळे पितात."

"रांग आडनावाप्रमाणे. मी शेवटचा. तोवर लघवी धरवत नाही."

शुक्रवारी सकाळी काटा उघडाच होता. टेरेलचा नंबर आला तसा तो बाजूला झाला. "साहेब, मला अजून जरा थुंकायचंय, तेवढंच वजन उतरेल. गसला जाऊ द्या."

गस पुढे आला, काठोकाठ भरलेली घागर डोक्यावर घेतलेल्या बाईसारखा. माप सरकलं. तीनशे. मागोमाग टेरेल चढला. दोनशे अठरा. व्हिटलनी माप पुन्हा पुन्हा मागेपुढे करून पाहिलं.

"ताई, पुढच्या शुक्रवारी काय करणार हे?" लीलंड कुजबुजला.

"हंगाम परवा संपतोय. मग गस डॉक्टरकडे जाईल. मी त्याच्या बायकोला फोन केलाय."

व्हिटल वळून प्रेमाने म्हणाले, "गस, खूश आहे मी तुझ्यावर. बस जरा. पुढच्या वर्षीच्या कराराचं बोलू या."

गसचं कपाळ घामाने डबडबलं. पाय एकमेकांत अडकले.

व्हिटलनी पुढे केलेल्या खुर्चीवर टेरेल येऊन बसला. "माझ्याशी बोला, साहेब."

"तुझ्याशी काय बोलू? तुझा करार तर यंदाच संपतोय."

"म्हणूनच. पाच वर्षं धावतोय, पुढच्या वर्षाचं माझ्याशी कुणी कधी बोललंच नाही. सावकाश सांगा. कसं वाटतं ते ऐकायचंय मला."

गस तोवर दाराबाहेर पोचला होता.