छतातली भेग

"पैज नाही, शर्यत नाही आणि आकडाही नाही," ताईने सुट्टीतल्या वाचनाचा बेत जाहीर केला. "ज्याला जे आवडेल ते, जमेल तेवढं."

"मग हरणार कोण?" वकिलाने विचारलं. हा ताईचा मामेभाऊ. वाद घातल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे, म्हणून त्याचं नाव वकील पडलं होतं.

"कुणीच नाही."

ताईच्या धाकट्या बहिणीला हायसं वाटलं. ती ओळीखाली बोट धरून हळूहळू वाचायची. घरात तिला गोगलगाय म्हणत.

वाचनालयातल्या मुलांच्या खोलीत ताई आणि वकील पानामागून पान उलटत होते. गोगलगाय मात्र पहिल्याच पानावर होती. तेवढ्यात पानावर पांढरी भुकटी पडली. तिने फुंकर मारली. थोड्या वेळाने पुन्हा पडली. तिने वर पाहिलं. छतात केसासारखी बारीक भेग होती आणि माडीवर काहीतरी जड फरफटल्याचा आवाज येत होता.

"काका, वरून माती पडतेय," तिने ग्रंथपालांना सांगितलं.

"उंदीर असतील," त्यांनी मानही वर केली नाही. "वाचायला आलीस ना? मग खाली बघ."

वकिलाचे वडील घरं बांधायचे. "बाबा भेगेवर कागद चिकटवतात," तो म्हणाला. "फाटला तर समजायचं, भेग वाढतेय."

टेबलावर चढून त्याने भेगेवर पातळ कागदाची पट्टी लावली. रात्रभर गोगलगाईचा डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी मधोमध फाटलेली होती. भेगेत आता बोट गेलं असतं. खाली चटईवर लहान मुलं गोष्टीच्या तासासाठी दाटीवाटीने बसली होती. ताई धावत ग्रंथपालांकडे गेली.

"तास संपल्यावर बघू," ते म्हणाले. "उगाच घबराट पसरवू नका."

वर पुन्हा काहीतरी फरफटलं. छत कण्हल्यासारखं वाजलं.

"ओरडलो तर चेंगराचेंगरी होईल," वकील पुटपुटला.

दाराजवळच्या टेबलावर वाचनालय बंद करायची घंटा होती. गोगलगाईने ती उचलली आणि वाजवली. वाजवतच राहिली.

मुलं सवयीने उठली. ताईने त्यांची रांग करून त्यांना अंगणात नेलं. ग्रंथपाल लालबुंद होऊन मागे धावले, "कुणी वाजवली ती?"

गोगलगाय निघणार, इतक्यात कपाटामागे तिला एक छोटी वेणी दिसली. एक चिमुरडी पुस्तकात नाक खुपसून बसली होती.

"चल, लवकर!"

"एवढं पान होऊ दे ना."

गोगलगाईच्या पायांना पळून जायचं होतं. ते तिचं ऐकेनात. तरी ती आत गेली. "पुस्तक घेऊनच चल," ती म्हणाली आणि चिमुरडीला पुस्तकासकट ओढत तिने उंबरठा ओलांडला. तोच मागे कडाड आवाज झाला. मुलांच्या खोलीतून धुळीचा लोट बाहेर आला.

धूळ बसली, तेव्हा चटईवर विटा, तुटलेलं लाकूड आणि एक लोखंडी कपाट पडलेलं दिसलं. ग्रंथपालांनीच जुनी वर्तमानपत्रं भरलेली तसली कपाटं माडीवर एका बाजूला रचून ठेवायला सांगितली होती. ती कपाटं ओढणारे दोन हमाल वर जिन्याच्या कठड्याला घट्ट धरून उभे होते. त्यांना खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं.

ग्रंथपालांनी मुलं मोजली. मग पुन्हा मोजली. सगळी होती. ते मटकन पायरीवर बसले.

"तुम्ही तिघांनी आज एवढ्या घरांचं रडणं वाचवलंत," ते म्हणाले. मग गोगलगाईकडे वळले. "तू घाबरली नाहीस, पोरी?"

"खूप घाबरले, काका. अजूनही."

"मीही," ते म्हणाले, आणि सरकून त्यांनी तिला शेजारी जागा करून दिली.