होडीत न उच्चारायचा शब्द

दुपार कलली न कलली तोच शेटलंडवरचा उजेड संपला होता. दारात एक अनोळखी तरुण वाट विचारत उभा होता.

"मिर्कमध्ये काय उभे राहता? आत या," ऑस्ला म्हणाली.

तो उंबऱ्यावरच थबकला. "काय म्हणालात... परत म्हणा."

"आत या."

"त्याच्या आधीचं."

"मिर्क. मन बुडतं तसला अंधार." ती हसली. "तुमच्याकडे पडत नाही वाटतं?"

पडतो, तो तरुण म्हणाला. त्याचं नाव टोर्लेव. नॉर्वेतली त्याची आजी त्याला जवळजवळ हेच म्हणते. शेकडो वर्षांपूर्वी तिकडच्याच होड्यांतून हा शब्द या बेटावर उतरला होता. असे शब्द गोळा करत तो फिरत होता. हा एक समजून घ्यायला मात्र त्याला रोज संध्याकाळी ऑस्लाच्या चुलीपाशी यावं लागलं... शब्द काही इतका अवघड नव्हता.

मग एकदा त्याने विचारलं, माझ्या गावी, बर्गेनला येशील? तिने उत्तर दिलं नाही. आधी बाबांना, म्हणजे रॅस्मीला, तो पसंत पडायला हवा होता. रॅस्मीने त्याला मासेमारीला बरोबर घ्यायचं कबूल केलं.

टोर्लेव किनाऱ्याकडे उतरू लागला तेव्हा ऑस्लाला आठवलं. सगळं सांगितलं, नेमकं हेच राहिलं! होडीत मिर्क म्हणायचं नाही. नाव घेतलं की अंधार चालून येतो. मागे एका पाहुण्याने घेतलं, तर रॅस्मीने तिथूनच होडी वळवली आणि पुन्हा त्याला घराची पायरी चढू दिली नाही. टोर्लेव तर त्या शब्दाबद्दल विचारणारच.

पण होडीकडे निघालेल्या माणसाला मागून हाक मारणं त्याहून मोठा अपशकुन. ती ओठ घट्ट मिटून उभी राहिली. होडीत चढताना त्याने आपणहून वळून पाहिलं. तिने झटकन तळवा ओठांवर दाबला. तो कानापर्यंत लाल झाला, त्याने हात हलवला.

धुकं आलं, मागोमाग अंधार. बाकीच्या होड्या परतल्या, रॅस्मीची नाही. ऑस्ला कंदील धरून खडकावर उभी होती. अखेर वल्ह्यांचा आवाज आला. बाबा उतरले ते तिच्याकडे न बघताच दोर ओढू लागले.

"बाबा... तो काही बोलला का?"

"कसला गं हा शब्द गोळा करणारा? दिवसभर चकार शब्द नाही. हाताला हात दिसेना, तरी हा आपला हसतोय." दोर बांधून झाला. "खुळा आहे. पण होडीत न्यायच्या लायकीचा आहे. जेवायला थांबव त्याला."

ते पुढे निघाले. टोर्लेव तिच्याजवळ आला.

"विचारायचं सगळं राहूनच गेलं. सकाळी तू लांबून ते दिलंस... मग काही सुचेना."

"काय दिलं?"

त्याने तळवा ओठांवर ठेवला, त्याचा हलकेच मुका घेतला.

"ते 'गप्प बस' होतं, वेड्या."

कंदिलाच्या उजेडात त्याचा चेहरा पडला. "म्हणजे... उत्तर नव्हतं?"

बाबांची पावलं लांब गेली होती. ऑस्लाने कंदील फुंकला.

"आता मिर्क झाला," ती म्हणाली. "जमिनीवर म्हटलेलं चालतं."

आणि तिने उत्तर दिलं— या वेळी लांबून नाही.