दाजींच्या बॅटऱ्या

बसा हो. स्टुलावर नको, ते डुगडुगतं. त्या खोक्यावर बसा. तुमची बॅटरी अजून चार्जरवर आहे, वेळ लागेल. घाई करून भरली तर वर्षभरात भंगारात जाईल आणि मग तुम्हीच माझ्या नावानं खडे फोडाल.

मघाशी विचारलंत ना, की जन्म कॅम्परव्हॅन, ही चाकांवरची घरं, दुरुस्त करण्यात गेला, मग स्वतःची एखादी का नाही घेतली? नको रे बाबा. माझ्या ताईची होती एक, तेवढी पुरली मला.

तुम्ही नवे आहात, म्हणून आधी एक सांगतो. कॅम्परमध्ये बॅटऱ्या दोन जातीच्या असतात. एक इंजिनाची. बाकीच्या घराच्या, म्हणजे दिवे, फ्रिज, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा त्यांच्यावर चालतो. या घराच्या बॅटऱ्या फार नाजूक. अर्ध्याच्या खाली उतरवल्या की त्यांचा दम जातो, मग कितीही भरा, पूर्वीसारख्या उभ्या राहत नाहीत. हे मला माझ्या दाजींनी शिकवलं, ताईच्या नवऱ्यानं. धंदा माझा, पण अक्कल त्यांची.

दाजी निवृत्त झाले, दोघांनी घर विकलं आणि कॅम्परमध्ये संसार थाटला. सकाळी डोळे उघडले की दाजी आधी बॅटरीचा मीटर बघणार. दाराशेजारी जुन्या पद्धतीचा काट्याचा मीटर होता. काटा अडकलाय की काय म्हणून त्याच्या काचेवर नखानं टकटक करायचे, मग चहा. मी चेष्टा करायचो, "दाजी, ताईची नाडी कधी एवढी बघितलीत का?" ते हसायचे आणि पुन्हा टकटक करायचे. दवाखान्यात शेवटी शेवटी नाकात नळी असताना ताईला काय विचारावं त्यांनी? "बॅटऱ्यांत पाणी घातलंस का?" दोन दिवसांनी गेले.

ताई गाडी सोडायला तयार नव्हती. तळ्याकाठच्या तळावर एकटी राहिली. मी आणि बायकोनं किती विनवण्या केल्या, पण तिनं ऐकायचं नाही म्हटलं की नाहीच. थंडी सुरू झाली आणि एक दिवस तिचा फोन आला.

"छोट्या, बॅटऱ्यांत पाणी घालून दे रे. मला पलंगाची फळी उचलवत नाहीये."

माझं टक्कल पडलं तरी तिच्यासाठी मी छोट्याच. पण फळी उचलवत नाही हे ऐकून चर्रर्र झालं. गॅसची टाकी एका हातानं चढवणारी बाई ती.

दुपारी पोहोचलो. दुपार नावालाच. धुकं असं बसलेलं की तळं कुठं आणि काठ कुठं, काही कळेना. तळावर चिटपाखरू नव्हतं. थंडीपुरती तिथली वीजही तोडलेली. झाडांवरून पाणी ठिबकत होतं, ओल्या पानांचा कुजकट वास सुटला होता आणि त्या सगळ्यात ताईच्या गाडीच्या खिडकीत दिवा पेटलेला.

दार उघडलं. आत छान ऊब. आणि ताई… खुंटीला कपडे टांगावेत तसे तिच्या अंगावर लटकत होते.

"अगं, काय दशा करून घेतलीस! डॉक्टरला दाखवलंस का?"

"दाखवलं. सगळं नॉर्मल म्हणाला. आराम करा म्हणाला." ती पलंगावर टेकली. "आता याहून काय आराम करू? सारखी झोपलेलीच असते. उठले की आणखी दमलेली."

"बॅग भर. आजच्या आज घरी चल."

"बघू. आधी तुझं काम कर." एवढं बोलली आणि उशीवर डोकं टेकताच झोपली.

बॅटऱ्या तिच्या पलंगाखालीच होत्या. फळी न उचलता मी बाजूचं झाकण उघडलं. म्हटलं, एवढ्या धुक्यात, हीटर आणि फ्रिज चालू ठेवून, या मेलेल्याच असणार. मीटर लावला. काठोकाठ भरलेल्या!

चार्ज होतायत कुठून म्हणून शोधायला लागलो. छतावरच्या सोलर पॅनलवर पानांचा थर आणि त्याची तार उंदरांनी कुरतडून दोन तुकडे केलेली. इंजिनाची किल्ली फिरवली, तर हूं नाही की चूं नाही. म्हणजे कुठूनही काही येत नव्हतं. नळ बंद आणि टाकी मात्र भरून वाहतेय, असा प्रकार.

माझ्याकडे चिमट्यासारखा मीटर असतो. तारेला नुसता धरायचा, वीज जातेय की येतेय ते दाखवतो. तो मुख्य तारेला धरला. वीज आत येत होती. ताईचा श्वास खोल गेला, तसा आकडा चढायला लागला. आधी वाटलं, मीटर बिघडला.

"ताई," मी हाक मारली.

तिनं कष्टानं डोळे उघडले. आकडा घसरत शून्यावर आला. तिचे डोळे पुन्हा मिटले आणि आकडा पुन्हा चढू लागला. मी तीन-चार वेळा करून बघितलं हो. दर वेळी तेच.

आणि तेव्हा दारापाशी आवाज झाला. टक… टक. नखाचा, काचेवर.

मी मागं वळलो. कुणी नव्हतं. पण अॅसिडचा आंबूस वास आला आणि त्याच्यात मिसळलेला दाढीच्या साबणाचा. काट्याच्या मीटरची काच आतून ऊब असल्यासारखी धुरकटली होती. काटा हलकेच थरथरला आणि 'पूर्ण'वर जाऊन थांबला.

मी पाना काढला आणि बॅटरीची तारच उपटली. पंखा थांबला. दिवा गेला. खिडकीतून धुक्याचा करडा उजेड तेवढा आत येत होता. टकटक वाढली… घाईची, काळजीची टकटक.

"लाव रे ते परत," ताई अंधारातून म्हणाली. "ते घाबरतात."

"कोण?"

"गार पडलं की माझी छाती भरते ना… हीटर बंद पडू नये म्हणून बघतात ते."

"ताई, बॅटऱ्या भरतायत कशातून, माहीत आहे तुला?"

तिनं पांघरूण अंगावर ओढून घेतलं.

"माहीत आहे."

"आणि गप्प बसलीस?"

"त्यांना नाही रे माहीत," ती म्हणाली. "त्यांना नुसता काटा दिसतो."

मला रडूच फुटलं. राग पण इतका आला की काय सांगू. आई गेली तेव्हा मी शाळेत होतो, या बाईनं मला वाढवलं, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत रिकामी होत चालली होती. मी तिचं मनगट धरलं आणि त्या मीटरसमोर नेलं.

"दाजी, हे बघा! त्या खोक्यांकडे नका बघू, हिच्याकडे बघा. हिला तुम्ही अर्ध्याच्या खाली आणलंय. कळतंय का? अर्ध्याच्या खाली!"

टकटक थांबली.

छतावर पाणी ठिबकत होतं तेवढंच. मग मीटरचा काटा खाली यायला लागला. तार काढलेली होती, तरी. हळूहळू अर्ध्यावर, अर्ध्याच्या खाली, पार तळाला. माझ्या मुठीतलं ताईचं मनगट गरम झालं. ती स्वतःहून उठून बसली आणि म्हणाली, "छोट्या, भूक लागलीय रे. काही आणलंयस का?"

त्या संध्याकाळी तिला घरी आणलं. गाडी तिथंच सोडली. बायकोनं या दुकानामागची खोली तिच्यासाठी झाडून ठेवली होती. आठवडाभरात ताईच्या गालांवर रंग आला. जिने चढायला लागली, माझ्या बायकोला फोडण्या शिकवायला लागली. मला वाटलं, जिंकलो आपण. दाजी मोठ्या मनाचे, दिलं सगळं परत.

पण माझी बायको… घरात सगळ्यांच्या आधी उठणारी, साऱ्या घराला फैलावर घेणारी. ती उठेना. घड्याळ वाजून वाजून बंद पडायचं. चहा घेऊन गेलो तर म्हणाली, "वन्संना सांगा, आज मला नाही होणार काही," आणि परत डोळे मिटले. तिचा चेहरा करडा पडला होता. तो रंग मी ओळखला.

ताईला विचारलं, तर ती ढसाढसा रडली.

"मी मागितलं नाही रे, तुझी शपथ. स्वप्नात आले होते. म्हणाले, काळजी करू नकोस, आता नीट बघतो, कुणालाच अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाही. मला वाटलं, वेडं स्वप्न आहे…"

बायकोला माहेरी पाठवून दिलं. तिथून चार दिवसांनी तिनं फोनवर मला कडकडून शिव्या घातल्या आणि माझा जीव भांड्यात पडला. मग ताईच्या शेजारच्या खोलीत मी झोपायला लागलो. ती नको नको म्हणत होती. मी म्हटलं, गप्प बस, मी चांगला धडधाकट आहे. ताईला परत त्या धुक्यात नेऊन टाकू? नाही जमणार मला. दमतो मी, खोटं कशाला बोलू, पाना उचलायचा कंटाळा येतो. पण दाजी शब्दाला पक्के. अर्ध्यावर आलो की थांबायचे, मी भरून निघालो की पुन्हा. म्हटलं, असंच काढू. माणसं घरच्यांसाठी याहून जास्त झिजतात.

आणि गेल्या आठवड्यात मला पहाटे आपोआप जाग आली. अंग एकदम हलकं. दुसऱ्या दिवशी पण तसंच. ताईही ठणठणीत, स्वयंपाकघरात गुणगुणत होती. मी तिला म्हटलं, "सुटलो गं, गेले वाटतं दाजी." आम्ही दोघं हसलो, किती दिवसांनी हसलो. बायकोला फोन केला, ये म्हटलं परत.

काल दुपारी शेजारीण आली, पलीकडच्या घरातली. तिचं घर आणि ताईची खोली, मध्ये एकच भिंत. तिला चार महिन्यांचं पोर आहे. पहिलंच. खूश होती बिचारी, ताईसाठी गोड काहीतरी करून आणलं होतं.

"तुमच्या ताईंचा पायगुण म्हणायचा," ती म्हणाली. "आमचं बाळ रात्र रात्र डोळ्याला डोळा लागू देत नव्हतं. आता आठ दिवस झाले, कसं शहाण्यासारखं झोपतं! दूध प्यायलासुद्धा उठवावं लागतं."

ताईच्या हातातलं ताट तिथंच खाली पडलं.

मी तिला सांगितलं, बाळाला आजच्या आज आजीकडे घेऊन जा. तिला वाटलं, मला पोराची कटकट होते. रागावून आपल्या घरी गेली, बाळ तिथंच आहे. मग ताईचा पलंग त्या भिंतीपासून ओढून माझ्या भिंतीला लावला. ताई रात्रभर खुर्चीत बसून राहिली, झोपणार नाही म्हणाली. सकाळी तिची मान कलंडलेली होती, आणि ती ताजीतवानी होती. मीही होतो.

दाजी माणूस वाईट नाही हो. अजूनही अर्ध्याचा हिशोब लावत असतील. पण एवढुश्या जिवाचं अर्धं म्हणजे केवढं, हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी कधी मूल सांभाळलेलं नाही.

उद्या उजाडल्यावर ताईला परत तळ्यावर सोडायचं ठरलंय. तीच म्हणाली. मी हो म्हटलं. हो म्हटलं मी, समजलं? आत ती बॅग भरतेय.

रोज रात्री या वेळेला ते पोर भोकाड पसरायचं. मला इतका वैताग यायचा, भिंतीवर मुठी आपटाव्याशा वाटायच्या. तुमचा चार्जर मी मघाशीच बंद केलाय, त्याच्या गुणगुणीत काही कळत नव्हतं. जरा गप्प बसता का… माझे कान आता तेवढे चांगले राहिले नाहीत. तुम्हाला काही ऐकू येतंय?