बोंबलाचा पूरकगंध

चंद्रावरच्या चांदणवाडीत एकाही घराला खिडकी नव्हती. असती तरी उघडणार कशी, बाहेर हवाच नाही. लाव्हाच्या एका जुन्या बोगद्यात तीसएक बिऱ्हाडं वसवलेली आणि सगळ्यांना मिळून हवा एकच. ती या घरातून त्या घरात नळांनी फिरायची, गाळणीत शिरायची आणि धुऊन पुसून परत पहिल्या घरी यायची. त्यामुळे कोणाकडे लसणाची फोडणी पडली, कोणाचे मोजे धुवायचे राहिले, हे विचारायला कोणाकडे जावं लागत नसे. लोकांनी हळूहळू सगळ्याची सवय करून घेतली. बोंबलाची मात्र होईना.

ते बोंबील होते जयवंती तांडेलचे. ही उरणजवळच्या करंजाची, वाडीची हवा-अभियंता. चंद्रावर येताना प्रत्येकाला ठरावीक वजनाचं सामान नेता येई. कोणी पुस्तकं आणली, एकाने तंबोरा आणला, जयवंतीने सुके बोंबील आणले. वजनाला हलके, वर्षभर टिकतात आणि तंबोरा भाजून खाता येत नाही, असं तिचं म्हणणं.

शेवटी निवासी समितीचे अध्यक्ष दिगंबरपंत टेंबे नाकाला रुमाल लावून तिच्या दारात आले.

"जयवंतीबाई, समितीने ठराव केलाय. पुढचं यान येईपर्यंत हा वास गेला पाहिजे. नाही गेला, तर त्याच यानाने तुम्ही पृथ्वीवर परत."

"तुम्ही श्वास घेता ती हवा मी राखते, टेंबेसाहेब."

"म्हणून तर सांगतोय. जरा नीट राखा."

"वास घालवते. बोंबील नाही घालवणार आणि मीही नाही जाणार."

तिने लिंबाच्या फोडी मांडून पाहिल्या, कॉफीची पूड, खायचा सोडा, कोळसा, सगळं करून पाहिलं. घराला लिंबाचा वास आला, कॉफीचा आला आणि दोघांच्या मधोमध बोंबील पाटावर बसल्यासारखा बसलेला. मग ती वाडीचे गंधशास्त्रज्ञ डॉ. यशोधर फणसे यांच्या प्रयोगशाळेत गेली. फणसे वनस्पतींच्या वासावर काम करत. वाडीत मोजून चार झाडं असल्याने त्यांना वेळ भरपूर होता.

"वास मारायचा कसा, ते सांगा," ती म्हणाली.

"मारता येत नाही. पण हरवता येतो." फणशांनी चष्मा कपाळावर सरकवला. "नाकात वास टिपणाऱ्या शेकडो प्रकारच्या गंधकळा असतात. पेटीच्या पट्ट्या समजा. बोंबील त्यातल्या काही दाबतो, मेंदू तो सूर ओळखतो. आता बाकीच्या सगळ्या पट्ट्या मी एकदम दाबल्या तर?"

"नुसता गोंगाट."

"एकसारखा गोंगाट. त्यात मेंदूला ओळखण्यासारखं काही उरत नाही, मग तो लक्षच देत नाही. सात रंग मिसळले की पांढरा प्रकाश होतो ना, तसा हा पांढरा गंध. म्हणजे मला बोंबलाचा वास काढायचा नाहीये. त्यात जे नाही ते सगळं भरायचंय. त्याला आपण पूरकगंध म्हणू."

"डॉक्टर, हे चालेल?"

"कागदावर चालतंय. कागदाला नाक नसतं, एवढीच अडचण आहे."

यंत्र चाललं. डब्याएवढं ते खोकं जयवंतीने हवेच्या मुख्य नळात बसवलं. हवेत बोंबलाचा वास किती आहे ते हुंगायचं आणि जेवढा पूरकगंध कमी पडेल तेवढाच सोडायचं. यान यायला चार दिवस असताना टेंबे तपासणीला आले. तव्यावर बोंबील भाजत होता. टेंब्यांनी आधी लांबून हुंगलं, मग जवळून, मग अगदी तव्यावर वाकून. मिशीला चटका बसला, पण वास आला नाही. यान आलं आणि जयवंतीला न घेताच परत गेलं.

वर्ष निर्वेध गेलं. पण टेंब्यांना चैन पडेना. वास यायचा तेव्हा त्यांना निदान कळायचं, की आज शिजतायत. आता चोवीस तास वाटायचं, की शिजत असतील. त्यांनी समितीची बैठक बोलावली.

"वास येत नाही, मग तक्रार कसली?" जयवंतीने विचारलं.

"वास येत नाही म्हणून बोंबील नाहीत, असं होत नाही."

"म्हणजे भांडण वासाशी नव्हतंच."

हात वर करायला टेंब्यांनी सदस्यांना सांगितलं, हात वर झाले. बोंबील बाहेर टाकायचे ठरले.

"ऐका," जयवंती म्हणाली. "वास आम्ही झाकलेला नाही, जुळवलाय. एक बाजू काढलीत तर दुसरी उरेल."

"ही धमकी आहे का?"

"हवा-अभियंत्याचा सल्ला आहे. आणि बोंबील मी पुढच्या यानाने पुन्हा मागवणार आहे."

"मग त्याच यानात बसून जायचं. ठराव तयार ठेवतो."

टेंब्यांनी स्वतः अवकाशवेष चढवला, बोंबलांची पिशवी चिमट्यात धरून दुहेरी दारातून बाहेर नेली आणि चंद्राच्या धुळीत दूर भिरकावली. आत येऊन त्यांनी पूरकगंधाचं यंत्रही बंद केलं. त्या रात्री ते वर्षभरात पहिल्यांदा गाढ झोपले.

सकाळी उठले ते वासाने. पण कसला वास? ओली लोकर म्हणावं तर त्यात केवडा होता. केवडा म्हणावं तर त्याला डांबर लागलेलं. फणस, रॉकेल, नवी चप्पल, जळकं दूध, सगळं एका श्वासात आणि या सगळ्यात फक्त मासळी तेवढी नव्हती. जेवणाऱ्यांनी ताटं सरकवली. तंबोरावाले गृहस्थ तंबोऱ्याच्या भोपळ्यात नाक खुपसून बसले.

"यंत्र बंद आहे ना?" टेंबे फणशांवर ओरडले.

"यंत्र बंद आहे. भिंती चालू आहेत." फणशांनी नाकात कापूस कोंबला होता, त्यामुळे ते गेंगाण्या आवाजात बोलत होते. "बोंबलाच्या वासाचे रेणू हलके. ते गाळणीत अडकतात, संपतात. पूरकगंधाचे जड, ते भिंतींना आतून लावलेल्या सच्छिद्र फेसाच्या थरात मुरले. यंत्र अलीकडे जवळजवळ काम करतच नव्हतं, मला वाटलं मीच इतकं छान बनवलंय. काम भिंती करत होत्या."

"किती दिवस येईल हा?"

"तीन वर्षं. चारही म्हणा."

"भिंती बदला."

"पृथ्वीवरून आणाव्या लागतील. बोंबील स्वस्त पडतात."

"मग तुमच्या यंत्रातूनच बोंबलाचा वास सोडा."

"बाकीच्या पट्ट्या हाताच्या पंजाने दाबता येतात, टेंबेसाहेब. तो नेमका सूर मला लागत नाही. फार बारीक कारागिरी आहे त्यात."

टेंबे हट्टी होते, पण भित्रे नव्हते. आपण फेकलं ते आपणच आणायचं, असं ठरवून ते पुन्हा बाहेर गेले आणि धुळीत गुडघे टेकून एकेक बोंबील वेचून आले. जयवंतीने एक उचलला, मोडला, हुंगला आणि खाली ठेवला.

"याला वास नाही."

"का नाही?"

"बाहेर हवा नाही ना. निर्वात जागेत जे उडून जाण्यासारखं होतं ते सगळं उडून गेलं. वास म्हणजे तेवढंच असतं. हे आता लाकूड आहे."

टेंब्यांनी हातातला शेवटचा बोंबील ढिगावर टाकला. "तुमची मागणी पृथ्वीकडे गेली का?"

"गेली. पण ते यान मला न्यायला येतंय."

टेंब्यांनी खिशातून ठराव काढला, जयवंतीसमोरच फाडला आणि म्हणाले, "मागणी वाढवा. तीस बिऱ्हाडांना पुरतील इतके सांगा."

यान आलं. घराघरांत हवेच्या नळाखाली बोंबलांच्या माळा टांगल्या गेल्या. वाडी पुन्हा निर्गंध झाली, एक घर सोडून. टेंब्यांचं घर नळाच्या अगदी टोकाला. वर्षभर सगळ्या वाडीचा पूरकगंध जाऊन मुरला होता तो त्यांच्या भिंतींत. माळ टांगली तरी पुरेना. दोन टांगल्या, तरी केवडा आणि डांबर उरलंच.

"भाजावे लागतील," फणसे म्हणाले. "आचेवर वास चौपट सुटतो. रोज, दुपारी, वाडीचे दिवे पूर्ण लागून भिंती तापतात तेव्हा."

"भाजून करू काय त्यांचं? आमच्यात कोणी खात नाही."

फणशांनी खांदे उडवले. ते त्यांच्या शास्त्रात बसत नव्हतं.

आता रोज दुपारी जयवंतीच्या दारावर टकटक होते. झाकलेली ताटली घेऊन टेंबे उभे असतात. नाकाला रुमाल नसतो, त्याची गरज उरलेली नाही.

"आज करपले नाहीत," ते म्हणतात. "आच कमी ठेवली होती."

जयवंती झाकण काढते, एक तुकडा मोडून खाते आणि नीट विचार करते.

"बरे झालेत. पण उद्या भाजण्याआधी जरा मीठ-तिखट चोळून ठेवा."

"किती वेळ?" टेंबे विचारतात.