यादीतलं शेवटचं कार्ड

मला एक सांगा, विश्वास कोणावर ठेवावा? सांगितल्याबरोबर काम उरकणाऱ्यावर, की ऐन वेळी हात आखडून ‘खरंच करू ना?’ असं विचारणाऱ्यावर? आम्ही धंद्यातली माणसं पहिल्यावर भाळतो आणि मग डोक्याला हात लावून बसतो.

चष्म्याच्या दुकानातल्या वहिनींचंही तसंच झालं. दुकानाचं ऑनलाइन काम त्यांनी संगणकातल्या एका मदतनिसावर सोपवलं होतं. माणूस नव्हे, प्रोग्राम. पण आपणहून वेबसाइट उघडायचा, फॉर्म भरायचा, बटणं दाबायचा. वहिनी त्याला कारकून म्हणत. पहिल्याच महिन्यात कारकुनाने न विचारता लहान मुलांच्या सहाशे गुलाबी फ्रेमा मागवल्या, तेही माल परत घेणार नाही या अटीवर. वर्षभर गल्लीतले निम्मे आजोबा गुलाबी चष्म्यातून पेपर वाचत होते. तेव्हा वहिनींनी नियम लिहून दिले. जे परत फिरवता येत नाही ते करण्याआधी हे वाच. शंका आली तर थांब आणि मला विचार. त्यातला तिसरा नियम असा: वर्षभरात ज्याचे डोळे तपासले, त्याचं कार्ड पुसायचं नाही.

दुकान दुपारी एक ते चार बंद असे. त्या दुपारी शटर अर्धं ओढून वहिनी वारलेल्या गिऱ्हाइकांची कार्डं पुसायला बसल्या. यादी त्यांनीच केली होती, आणि शेवटचं नाव नवऱ्याचं होतं. चार वर्षं ते लिहायला हात धजला नव्हता. कपडे देऊन झाले, खुर्ची देऊन झाली. उरलं होतं हे कार्ड, त्यात त्यांच्या डोळ्यांची तीस वर्षं. नंबर मायनस नऊ. चष्मा काढला की बायको कुठली आणि कपाट कुठलं, हे कळत नसे.

धाकटे दीर पलीकडे काचा घासत होते. हे एक राहू द्या, असं ते दोनदा म्हणाले. वहिनींनी ऐकलं नाही. किती दिवस अडकून बसायचं, आज मोकळी होते, म्हणत त्यांनी कारकुनाला हुकूम सोडला.

कार्डं भराभर गेली. मग संगणकाचा पडदा थबकला.

‘शेवटचं कार्ड पुसलेलं नाही. नियम तीन. या गिऱ्हाइकाची मागची तपासणी अकरा महिन्यांपूर्वी झाली आहे.’

वहिनींनी कार्ड उघडलं. नवरा गेल्यानंतरच्या तीन नोंदी होत्या. तिन्ही दुपारी तीनच्या, दुकान बंद असतानाच्या. मायनस सात. मायनस चार. मायनस दीड.

त्यांनी दिराकडे रोखून पाहिलं. दिरांनी गळ्याची शपथ घेतली. शिवाय हा आकडा हाताने भरता येतच नव्हता. आतल्या खोलीतल्या तपासणीच्या यंत्रावर कोणी हनुवटी टेकवून बसलं, तरच तो कार्डावर यायचा.

घासलेल्या काचेचा ओलसर वास तेवढा दरवळत होता. घड्याळात तीनला मिनिटभर कमी होतं.

आतल्या खोलीच्या पडद्यामागे कागद फाटल्याचा आवाज आला. हनुवटीखाली ठेवायचा पातळ कागद. दर गिऱ्हाइकाला वरचा फाडायचा असतो. मग खुर्ची करकरली. यंत्राची भिंगं हळूहळू फिरू लागली... टिक्... टिक्...

“भाऊजी... यंत्र चालू ठेवलंत?”

“वहिनी... वायर काढून ठेवलीय मी.”

कार्डावर नवी ओळ उमटली. दोन्ही डोळे, शून्य.

खाली कारकुनाचा प्रश्न होता: ‘नियमाप्रमाणे पुसू नये. तरीही पुसू? पुसल्यावर परत आणता येणार नाही.’

वहिनींचा हात बटणावर होता. तो त्यांनी अलगद मागे घेतला आणि टाइप केलं, ‘ठेव.’ चेहऱ्यावर पोटभर जेवून उठल्यासारखं समाधान आलं.

“आता नीट दिसत असेन मी,” त्या हळूच म्हणाल्या.

‘ठेवलं,’ कारकुनाने लिहिलं. ‘या गिऱ्हाइकाने पुढची वेळ घेतली आहे. पुढचा महिना, दुपारी तीन. माणसं दोन.’

दिरांनी वाकून पाहिलं. दुसऱ्या नावाची जागा कोरी होती. त्यांच्या हातातली काच खाली पडली, फुटली नाही. दुकान बंद होतं, कोणी आलं नाही असं रोजच्या नोंदवहीत लिहा, म्हणजे ही वेळच रद्द होईल, असं ते विनवू लागले. वहिनींनी वही ओढली आणि शांतपणे लिहिलं: आज तीन वाजता एक गिऱ्हाईक आलं.

पुढचा महिना अजून उजाडायचा आहे. वहिनी मजेत आहेत. दीर हल्ली पुन्हा पुन्हा डोळे चोळतात.

तुम्हीही कसल्या नोंदी ठेवत असाल, तर माझी एवढी विनंती ऐका. आलेल्याला आला म्हणून लिहा, ज्याचं नाव ठाऊक नाही त्याची जागा कोरी सोडा, भीतीपोटी तिथे भलतंच काही भरू नका. हिशेब खरा ठेवा.