टिकारामची जड सायकल

जेवणं झाली नि लाइट गेली. हिरालालकाकांनी खाटेवर पाय वर घेतले. "ही गोष्ट टिकारामनं स्वतःच्या तोंडानं मले सांगितलेली आहे," ते म्हणाले.

"भुताची असंल तर नको काका, खुशी भेते."

"लेक तर झोपली तुझी. भेव तुलेच लागून राहिलं, दीप्ती."

२०११ साल. बावीस डिसेंबर, गुरुवार. दुसऱ्या दिवशी विवेकचा दहावा, म्हणून टिकाराम सायकलनं अर्जुनी मोरगावला पत्रावळी आणायला गेला. विवेक त्याचा एकुलता एक, एकोणीस वर्षांचा. मांडीच्या हाडाच्या कॅन्सरनं आधी पाय गेला. वर्षभरानं हिरडीवर गाठ आली. आपल्याकडे तोंडात गाठ म्हटली की खर्राच. टिकारामला तरी दुसरं काय सुचणार?

"तंबाखू चोरून खातोस न बे?"

"नाही खात, बाबा. वास घेऊन पाहा न."

वास घेतला नाही. थापड दिली, गाठ होती त्याच गालावर. दवाखान्यात न्यायला दीड महिना लावला.

पत्रावळी घेऊन निघताना दातांच्या डॉक्टरनं हाक मारली. गाठीच्या तुकड्याच्या तपासणीचा कागद नागपूरहून आत्ता आला होता. "तंबाखूचं नाही हे, टिकारामभाऊ. मांडीतलाच रोग तोंडात चढला. फार क्वचित होतं असं."

टिकारामनं कागद खिशात ठेवला. गठ्ठा हँडलला अडकवला.

रात्रीचे पावणेआठ. तलावाची पाळ. सायकल एकाएकी जड झाली. उतरून चाकं दाबली. टणक होती. पुन्हा बसला. पुन्हा जड.

मागं श्वास... उघड्या तोंडानं घेतलेला. गाठ वाढल्यावर विवेकचं तोंड मिटत नसे.

"विवेक?"

...

"चुकलो रे, बापू..."

...

"आता तरी वास घ्या न, बाबा."

टिकारामनं ब्रेक दाबला. डोळे मिटले. मागं वळून तोंड पुढं केलं...

काकांनी मान वळवली. दीप्ती मोबाईलच्या उजेडात खुशीचा ओठ उचलून हिरड्या पाहत होती. काकांनी पाहिलेलं कळताच तिनं उजेड विझवला.

"वास कशाचा आला, काका?"

"दुधाचा. तान्ह्या लेकराच्या तोंडाला येते न, तसा."

उरलेली वाटही सायकल जडच होती. टिकारामनं ती हळू चालवली. घर येऊ नये, इतकी हळू.

घरी त्याच्या बायकोनं, सुशीलाबाईनं, त्याचा शर्ट उतरवला. पाठीवर मधोमध ओल. गालाएवढी. तिनं तो धुतला नाही, खुंटीला अडकवला.

"खुंटीवर आहे अजून. मागच्या महिन्यात गेलो तं हात लावून पाह्यलो मी..."

"मग?"

"ओला आहे."