टेबलाच्या पोटातला पंखेवाला

"इथे भविष्य कुठे बनवतात?"

दारातून हा प्रश्न आला तेव्हा ती प्लायवूडवर वाकून करवत चालवत होती. मान वर न करताच म्हणाली, "तुम्ही ज्याच्यावर हात टेकलाय ना, तेच. रंग ओला आहे."

मग सावकाश — "हो... आहे खरा."

तिने वळून पाहिलं. काखेत छोट्या पंख्यांचं खोकं धरलेला एक उंच, किडकिडीत माणूस आपल्या राखाडी झालेल्या तळव्याकडे बघत उभा होता. दिवसभर घासून गुळगुळीत केलेल्या टेबलावर त्याची पाच बोटं झकास उमटली होती.

"पुसून देऊ का?"

"नको. आणखी पाच उमटतील."

तिच्या जिभेचा हा गुण अख्ख्या कंपनीला ठाऊक होता. तिला तिथे 'करवत' म्हणत, आणि ते काही फक्त हातातल्या हत्यारामुळे नव्हे. कंपनी टेबलावरचे कॉम्प्युटर बनवायची आणि मागच्या अंगाला हिची कार्यशाळा होती. जी वस्तू अजून जन्मालाच आलेली नाही, तिचा लाकडाचा नि पुठ्ठ्याचा नमुना करायचा, म्हणजे साहेब लोकांना कळायचं की आपल्या मनात नेमकं काय होतं. हे तिचं काम. आलेला माणूस वरच्या मजल्यावर बसून कॉम्प्युटर गार कसे राहतील ते बघायचा. त्याला सगळे पंखेवाला म्हणत, आणि त्याचीही काही तक्रार नव्हती.

यंदा कंपनीला एकच ध्यास लागला होता. मोठ्या प्रदर्शनात 'दहा वर्षांनंतरचा डेस्कटॉप' मांडायचा. डबा नाही, वायर नाही, कीबोर्ड नाही. टेबल हाच कॉम्प्युटर. वरची काच उजळेल, माणूस बोलेल, टेबल उत्तर देईल. मोठ्या साहेबांनी एका दुपारी हे जाहीर केलं आणि ते जेवायला गेले. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

"पंखे कशाला आणलेत?" ती म्हणाली. "भविष्यात पंखे नसतात. आवाज शून्य, असं साहेब म्हणालेत."

"साहेब म्हणोत. चिप नखाएवढी होवो, पडदा चटईसारखा गुंडाळता येवो... ते तापणारच. विचार करणारी कुठलीही गोष्ट तापते."

"मी नाही तापत."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या पाच बोटांकडे. "नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "दिसतंय ते."

तो गेल्यावर तिने ते टेबल पुन्हा घासायला घेतलं, आणि बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की आपण हसतोय.

त्यानंतर त्याच्या चकरा वाढल्या. कधी हवेची वाट मोजायची असे, कधी मोजलेली पुन्हा मोजायची असे. दोघं भुशात बसून भविष्यावर भांडत. ती म्हणे, दहा वर्षांनी टेबलाची घडी घालून भिंतीला लावता येईल, तेवढीच खोली मोकळी. तो म्हणे, काचेखालून केसाएवढ्या नळ्यांतून पाणी फिरेल आणि ती सगळी उष्णता एका कोपऱ्यात आणता येईल.

"कोपऱ्यात कशाला?"

"तिथे तुमचा चहा ठेवायचा. तुम्ही तो रोज गार करून पिता."

तिचा हात थबकला. आपला चहा गार होतो हे या माणसाने कधी पाहिलं... दुसऱ्या दिवशी टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात कपाच्या मापाची एक गोल खोबण कोरलेली होती.

"पण खरं सांगा," एकदा तिने विचारलं, "सगळ्यांच्या खिशात फोन आहे. टेबलावरचा कॉम्प्युटर दहा वर्षांनी कशाला कुणाला हवा असेल?"

तो थोडा वेळ पंख्याचं पातं बोटाने फिरवत बसला. "फोन माणसाच्या मागे मागे येतो. टेबल येत नाही. आपण उठून गेलो की ते तिथेच थांबतं. वाट बघतं. मला वाटतं... वाट बघणारं काहीतरी घरात असावं."

यावर खोचक बोलायचं सोडून ती टेबलाची आधीच गुळगुळीत असलेली कड पुन्हा घासायला लागली.

घोडं पेंड खायला लागलं ते प्रदर्शन तोंडावर आल्यावर. टेबल तयार, काच तयार, पण आतली अक्कल तयार नव्हती. विचारलं एक की टेबल सांगे दुसरंच. मोठे साहेब कार्यशाळेत आले, टेबलाभोवती एक फेरी मारली आणि पोटावर टकटक करून म्हणाले, "आत पोकळ आहे ना? मग बसवा एखाद्याला. आत बसून टाइप करेल, माइकमध्ये बोलेल. आवाज यंत्रासारखा करून घेऊ."

"साहेब, ही फसवणूक होईल," ती म्हणाली.

"फसवणूक नाही, प्रात्यक्षिक," साहेब म्हणाले, आणि त्यांची नजर फिरत फिरत पंखेवाल्याच्या किडकिडीत बांध्यावर येऊन थांबली.

तर आता त्याच्या मापाने टेबलाचं पोट नव्याने कोरायचं आलं. तिने टेप काढला.

"खाली बसा. गुडघे पोटाशी घ्या. आणखी."

"आणखी घेतले तर पाठीतून बाहेर येतील."

"तुमची उंची थोडी कमी करता येईल का?"

"आईला विचारून सांगतो."

खांद्यांचं माप घेताना टेपचं एक टोक तिने धरलं, दुसरं धरायला तिला त्याच्या पाठीमागून हात न्यावा लागला. त्याच्या शर्टाला साबणाचा आणि किंचित तापलेल्या तारेचा वास होता. टेपवरचा आकडा तिने वाचला... आणि लगेच विसरली.

"किती?" तो म्हणाला. आवाज जरा खाली गेला होता.

"पुन्हा घ्यावं लागेल."

"घ्या," तो म्हणाला. "मला घाई नाही."

प्रदर्शनाच्या दिवशी टेबल असं झळकत होतं की तिचं तिलाच ओळखू येईना. पंखेवाला पहाटेच आत शिरला होता. बाहेरून सांधा दिसू नये म्हणून तिनेच मागची फळी स्क्रूने बंद केली होती. हवेला बारीक भोकं होती आणि त्याने स्वतः लावलेले दोन पंखे आत हलके गुणगुणत होते. लोक रांग लावून येत, टेबलाला काहीबाही विचारत, आणि टेबल घोगऱ्या, सपाट आवाजात उत्तर देई. एका बाईंनी विचारलं, "दहा वर्षांनी माझा नवरा माझं ऐकेल का?" टेबल म्हणालं, "तेवढं तंत्रज्ञान अजून विकसित झालेलं नाही." रांगेत हशा पिकला. ती बाजूला उभी राहून ओठ दाबून धरत होती.

दुपारी तिची मावशी आली. आईमागे हिला मावशीनेच वाढवलं होतं आणि 'दिवसभर लाकडाशी बोलतेस, कधी माणसाशीही बोल' हे तिचं पालुपद होतं. आज ती माणूस बरोबरच घेऊन आली होती. नीटनेटका, हसतमुख दंतवैद्य.

"सहज तुझं काम बघायला आलो," मावशी म्हणाली. सहज म्हणून मावशी आजवर कधी कुठे गेली नव्हती.

दंतवैद्य सज्जन होता. त्याने टेबलाची मनापासून तारीफ केली, मग वाकून विचारलं, "दहा वर्षांनी दंतवैद्य लागतील का?"

"लागतील," टेबल म्हणालं. थोडं थांबून — "पण इथे नाही."

मावशीने बसायला खुर्ची ओढली. खुर्चीच्या पायात टेबलाखालून आलेली एक बारीक वायर अडकली, ताणली आणि तुटली. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. तेवढ्यात मोठे साहेब चार बडे पाहुणे घेऊन समोर येऊन ठाकले. मावशीला श्रोते मिळाले की चेव येई. तिने काचेवर बोट टेकवून विचारलं, "तू भविष्यातला आहेस ना? मग सांग बघू, या दोघांचं जमेल का?"

भाचीला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. दंतवैद्याचे कान लाल झाले. काच तशीच उजळलेली, पण उत्तर येईना.

"माहिती... अपुरी आहे," टेबल शेवटी म्हणालं.

"कसली माहिती हवी?"

"मुलीला..." आवाज तुटक येत होता, "...विचारलंय का?"

लोक हसले, एका पाहुण्याने टाळी वाजवली. "फारच पुढचं यंत्र आहे," मावशी म्हणाली. "बरं, विचारते. काय ग, सांग."

सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. कुणी बोलेना. आणि त्या शांततेत तिला कळलं की काहीतरी ऐकू यायचं थांबलंय. गुणगुण नव्हती. आवाज शून्य होता, साहेबांना हवा होता अगदी तसा.

"स्क्रूड्रायव्हर," ती म्हणाली.

"काय?" मावशी म्हणाली.

"स्क्रूड्रायव्हर कुठे आहे?"

मोठ्या साहेबांनी डोळे वटारले, मानेने नको नको केलं. ती केव्हाच टेबलामागे गुडघ्यांवर बसली होती. हत्यारांच्या पेटीतून स्क्रूड्रायव्हर ओढून तिने एकेक स्क्रू भराभर सोडवला. फळी निघाली, आणि उजळत्या भविष्याच्या पोटातून घामाने निथळणारा, टोमॅटोसारखा लाल झालेला पंखेवाला घसरत बाहेर आला.

"तू वेडा आहेस का?" ती कडाडली. "पंखे बंद पडले तर ओरडायचं नाही? का नाही ओरडलास?"

"मावशींचा प्रश्न चालू होता," तो धापा टाकत म्हणाला. "मला... उत्तर ऐकायचं होतं."

ती ओढणीच्या टोकाने त्याचा चेहरा पुसत राहिली. सगळ्यांसमोर, सावकाश, जणू तिथे दुसरं कुणी नव्हतंच.

साहेबांचं पितळ चांगलंच उघडं पडलं होतं. पण ते साहेब होते. पाहुण्यांकडे वळून हात पसरत म्हणाले, "पाहिलंत? आमच्या भविष्याच्या केंद्रस्थानी माणूस आहे." हॉलमध्ये जे हसू फुटलं ते दूरच्या दालनांपर्यंत गेलं.

दंतवैद्याने तेवढ्यात पाणी आणलं, नाडी पाहिली, आणि धापा टाकणाऱ्या तोंडात सवयीने डोकावून म्हणाला, "घाबरायचं काही नाही. दात उत्तम आहेत." मग तिच्या हातातल्या ओल्या ओढणीकडे बघून समजूतदारपणे हसला आणि मावशीचा निरोप घेऊन निघून गेला.

मावशी खुर्चीत बसूनच होती. तिने पंखेवाल्याला नखशिखान्त न्याहाळलं. "दात उत्तम आहेत म्हणे," ती स्वतःशी बोलल्यासारखी म्हणाली. "आणि मुलीला विचारायचं असतं, एवढी अक्कल आहे. मी बाहेर चहा घेते. तुमचं आटपलं की या."

संध्याकाळी हॉल रिकामा होत होता. साहेबांनी दोघांना झाडून काढलं होतं. तिने आता वर्षभर पॅकिंगची खोकी आखायची, त्याने तक्रार विभागात फोन घ्यायचे. दालनात दोघंच उरली होती, खोललेल्या टेबलाच्या फळ्या आणि निघालेल्या स्क्रूंची वाटी मध्ये घेऊन.

"मघाशी तू मला 'तू' म्हणालीस," तो म्हणाला.

"घाईत होते."

"मग... आता परत 'तुम्ही'?"

तिने स्क्रू मोजल्यासारखं केलं. "नको. सवय मोडायला वेळ लागतो."

तो हसला. मग बराच वेळ एकच फडकं घडी करत, उलगडत राहिला. "दहा वर्षांनी —"

"दहा वर्षांनंतरचं ऐकून कान किटलेत माझे," ती म्हणाली. "त्यातलं मला काही माहीत नाही, आणि तुलाही नाही. जवळचं काहीतरी विचार."

"उद्या संध्याकाळी?"

"मोकळी आहे."

"परवा?"

"परवाही."

"मग..." त्याने फडकं खाली ठेवलं. "रोजचंच विचारून टाकू का?"

तिच्या गालांवर ऊन आलं. "विचार. पण आधी ते टोक उचल. काच जड आहे आणि खाली गाडी थांबलीय."

दोघांनी मोठी काच दोन बाजूंनी उचलली. तो उलटा, पाठीमागे पावलं टाकत चालला. वाटेकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

"मागे पायरी आहे," ती म्हणाली.

"तू आहेस ना सांगायला?"

तिने काचेवरची पकड घट्ट केली, त्याच्या पावलाशी पाऊल जुळवलं.

"आहे," ती म्हणाली.